मुंबई-महाराष्ट्रातून गेलेल्या सौंदर्यस्पर्धा विजेत्या : १९४७ पासूनची नोंद करू या का?

सोनटक्का

आमच्या वाचनालयात दर मार्चला बायकांच्या कर्तृत्वावर भित्तिपत्रक लावतो. यंदाचा विषय मी सुचवला : मुंबई आणि महाराष्ट्रातून सौंदर्यस्पर्धांत जिंकून आलेल्या बायका. बैठकीत दोघींनी नाकं मुरडली, पण विषय मंजूर झाला. माहिती गोळा करायला घेतली आणि आठवडाभर घोळातच अडकले. जालावरच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. एकाच वर्षाच्या दोन-दोन 'मिस इंडिया' निघतात, आणि कोण खरी यावर लोक हमरीतुमरीवर आलेले दिसतात.

कारण सापडलं ते आधी सांगते, म्हणजे पुढच्यांचा वेळ वाचेल. 'मिस इंडिया' ही एकच स्पर्धा कधी नव्हतीच. १९४७ साली मुंबईत झाली ती निराळी. मग 'ईव्हज वीकली' या मुंबईच्या साप्ताहिकाची. १९५९ साली 'फेमिना' सुरू झालं आणि १९६४ पासून त्यांची फेमिना मिस इंडिया. साठ-सत्तरच्या दशकात या शेवटच्या दोन्ही शेजारी-शेजारी चालल्या होत्या आणि दोन्हींच्या विजेत्या 'मिस इंडिया' म्हणूनच ओळखल्या जात. त्यामुळे यादीत नावापुढे स्पर्धेचं नाव लिहिलं नाही, तर घोळ होणारच.

आता पहिली नोंद. १९४७ : प्रमिला. मूळ नाव एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम. कलकत्त्याच्या बगदादी ज्यू घरात जन्मलेली, मुंबईच्या सिनेमात स्थिरावलेली, पुढे स्वतः चित्रपट काढणारी बाई. मुकुट मिळाला तेव्हा ती ३१ वर्षांची होती, संसारात होती आणि गरोदर होती. हे मी तीनदा वाचून खात्री करून घेतलं. पुढे तिची मुलगी नकी जहाँ १९६७ साली ईव्हज वीकलीची मिस इंडिया झाली. आई आणि मुलगी दोघींना हा किताब मिळाल्याचं हे एकच घर.

दुसरी गंमत १९५२ ची. त्या वर्षी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला पहिली मिस युनिव्हर्स झाली आणि भारतातून गेल्या इंद्राणी रेहमान. भरतनाट्यम आणि ओडिशी नर्तिका. त्या आपल्याकडच्या नव्हेत, पण त्यांचं नाव मी मुद्दाम घेते आहे, कारण त्याही तेव्हा लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या होत्या.

म्हणजे सुरुवातीच्या या दोघीही आया! मग 'अविवाहित हवी' ही अट आली कुठून आणि ती इतकी वर्षं आपण सगळ्यांनी निमूट मान्य कशी केली? भित्तिपत्रकाचा गाभा मला इथेच दिसतो आहे.

मला हवं आहे ते असं : मराठी घरांतल्या किंवा महाराष्ट्रात वाढलेल्या विजेत्या, त्यांच्या स्पर्धेचं नाव, साल, आणि पुढे त्यांनी काय केलं. नुसती जंत्री नको, आठवणीही लिहा.

माटुंगापूर्व

सोनटक्काताई, छान विषय. रीटा फारियापासून सुरुवात करतो, कारण ती आमच्या माटुंग्याची.

१९६६ साली मी सातवीत होतो. मिस वर्ल्ड म्हणजे काय हे आम्हा पोरांना ठाऊक नव्हतं. एवढंच कळलं की जे.जे.च्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरी शिकणारी, आपल्याच भागातली मुलगी लंडनला जाऊन जगात पहिली आली. माझ्या वडिलांनी त्याचा अर्थ काढला की ती परीक्षेत पहिली आली असणार, आणि मला अभ्यासाला बसवलं.

तपशील देतो. आईवडील मूळचे गोव्याचे. उंची पाच फूट आठ इंच. आधी मिस बॉम्बे, मग ईव्हज वीकलीची मिस इंडिया, आणि १७ नोव्हेंबर १९६६ रोजी लंडनच्या लायसियम बॉलरूममध्ये मिस वर्ल्ड. ५१ देशांच्या मुली होत्या. हा मुकुट आशियात आला तो तिच्यामुळे. पोहण्याच्या पोशाखाचा आणि संध्याकाळच्या पेहरावाचा असे दोन्ही उपकिताबही तिलाच मिळाले.

तिने पुढे मुलाखतींत सांगितलेली हकिगत मला त्या किताबापेक्षा जास्त आवडते. साडी मैत्रिणीची. पोहण्याचा पोशाख पर्सिस खंबाटाकडून मागून नेलेला, तो हिच्या उंचीला बसेना. जवळ तीन पौंड. त्यातूनच तिथे नवा घ्यावा लागला. मागे शिकवणारं कुणी नाही, बरोबर शिंपी नाही. परीक्षकांनी विचारलं डॉक्टर का व्हायचंय, तर तिने देशाला स्त्रीरोगतज्ज्ञ हवेत अशा अर्थाचं सांगितलं. ते पाठ केलेलं उत्तर नव्हतं, तिचा रोजचा अभ्यासच तो होता.

त्याच डिसेंबरात अमेरिकी विनोदी नट बॉब होप यांच्याबरोबर ती व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांपुढे गेली, त्यावरून दिल्लीत बराच गदारोळ झाला. आपल्या सरकारची भूमिका युद्धाच्या विरोधात, आणि ही मंचावर साडी नेसून उभी. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीच्या अंगावर दोन देशांचं राजकारण आलं. करार वर्षाचा होता. तो संपल्यावर सिनेमाच्या आणि मॉडेलिंगच्या मागण्या तिने नाकारल्या, लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात पुढचं शिक्षण घेतलं, १९७१ मध्ये डॉ. डेव्हिड पॉवेल यांच्याशी लग्न केलं आणि पुढे डब्लिनमध्ये स्थायिक झाली. मुकुटाचं वर्ष तिने एका टर्मसारखं पार पाडलं आणि परत वॉर्डात गेली.

तिच्या आधीच्या दोघी पण घ्या. १९६४ची पहिली फेमिना मिस इंडिया मेहर मिस्त्री, म्हणजे नंतरच्या फॅशन पत्रकार मेहर कॅस्टेलिनो. आणि १९६५ची पर्सिस खंबाटा, जिने पुढे हॉलिवूडच्या एका अवकाशपटासाठी डोक्यावरचे सगळे केस उतरवले. दोघी पारशी, दोघी मुंबईच्या.

पानसुपारी

वरची नावं एका ओळीत वाचा. प्रमिला ज्यू. मेहर आणि पर्सिस पारशी. रीटा गोव्याची ख्रिश्चन. १९५४ची मिस इंडिया लीला नायडू, जन्म मुंबईचा, वडील आंध्रातले अणुशास्त्रज्ञ आणि आई युरोपीय. मुंबईने सुरुवातीला ज्यांच्या डोक्यावर मुकुट ठेवले, त्या बहुतेक सगळ्या अल्पसंख्य किंवा मिश्र घरांतल्या. गिरगाव, दादर, पार्ल्याची मराठी मुलगी तिथे नाही. आमच्या घरात फेमिना यायचं, पण स्पर्धेचं पान आजी दुमडून ठेवायची.

अपवाद एक, आणि तोही सिनेमाच्या घरातला : नूतन. शोभना समर्थांची मुलगी. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मसुरीत तिने सौंदर्यस्पर्धा जिंकली, मिस मसुरी म्हणून. तिच्या घरात आईच पडद्यावर सीता होऊन गेलेली, त्यामुळे 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न त्या उंबऱ्यावर आधीच झिजलेला होता.

आणि सोनटक्का, तुमच्या भित्तिपत्रकासाठी माझ्याकडे एक घराणं आहे. १९३८ साली मास्टर विनायक यांच्या 'ब्रह्मचारी' चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या. लेखन आचार्य अत्र्यांचं. महाराष्ट्रात त्यावरून केवढं रान उठलं होतं, हे माझी आजी सांगायची, आणि त्याच दमात हेही सांगायची की ते दृश्य बघायला माणसं पुन्हा पुन्हा तिकीट काढत. या मीनाक्षीबाईंची नात नम्रता शिरोडकर १९९३ची फेमिना मिस इंडिया. त्याच वर्षी मेक्सिको सिटीत मिस युनिव्हर्सच्या शेवटच्या सहांत ती पोचली. मध्ये ५५ वर्षं गेली. आजीला ज्या पोशाखासाठी बोल ऐकावे लागले, त्याच पोशाखात नात देशाचं नाव असलेला पट्टा मिरवत चालली, आणि लोकांनी घरातल्या टीव्हीवर सहकुटुंब पाहिलं.

सोनटक्का

पानसुपारी, नात आणि आजी हे नातं मला माहीत होतं, पण दोन्ही सालं अशी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. फोटो मिळाले तर हीच चौकट मधोमध लावते.

माटुंगापूर्व, तुमच्या वडिलांची गोष्ट आमच्या अध्यक्षांना वाचून दाखवली. त्यांनी नाक मुरडलं होतं, आता त्या रीटा फारियांसाठी वेगळा फळा मागताहेत.

धावपट्टी

मी नागपूरची. मधू सप्रेबद्दल लिहायला कुणी आलं नाही म्हणून मीच लिहिते. जरा मोठं होईल.

मी शाळेपासून धावायचे. १०० आणि २०० मीटर. आमच्या वेळी पावसाळ्यात मैदान म्हणजे चिखल, उन्हाळ्यात वीटकरी धूळ. कपडे बदलायला खोली नाही, मुलींसाठी स्वच्छतागृह नाही. एकदा विभागीय स्पर्धेच्या सकाळी आम्ही चौघींनी आळीपाळीने चादर धरून कपडे बदलले. हे मी आधी सांगते आहे ते अशासाठी, की मधू सप्रे पण नागपूरची आणि तीही आधी मैदानावरची खेळाडू, मग मॉडेल.

१९९२. फेमिना मिस इंडिया होऊन ती बँकॉकला मिस युनिव्हर्सला गेली. तोपर्यंत भारताची मुलगी तिथे शेवटच्या तिघींत उभी राहील असं कुणाच्या मनातही नव्हतं, आणि ही उभी होती. सावळी, रुंद खांद्यांची, चालताना जमीन पायाखाली घट्ट धरणारी. धावणाऱ्या मुली तशाच चालतात, मला ते लगेच ओळखू आलं. शेवटचा प्रश्न असा होता की तू देशाची प्रमुख झालीस तर पहिल्यांदा काय करशील. ती म्हणाली, मी मोठं क्रीडासंकुल बांधेन, आमच्या खेळाडूंना सोयी नाहीत.

मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅक्लिनला गेला, दुसरी व्हेनेझुएलाची, मधू तिसरी. आणि त्यानंतर आपल्याकडे महिनोन्‌महिने त्या उत्तराची चेष्टा झाली. गरीब देशातली मुलगी भूक, शिक्षण सोडून स्टेडियम कसं मागते, असं सगळीकडे छापून आलं. आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर पण तेच. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. तिच्या बाजूने बोलायला तोंड उघडलं आणि मलाच हसले सगळे.

तीस वर्षांहून जास्त झाली, माझं मत तेच आहे. त्या मंचावर कितीतरी मुलींनी जगात शांतता नांदो म्हटलं असेल, मुलांना अन्न मिळो म्हटलं असेल. ती उत्तरं कुणाच्या लक्षात आहेत? मधूने तिच्या अंगावर जे बेतलं होतं ते मागितलं. ज्या मुलीने खडबडीत ट्रॅकवर गुडघे फोडून घेतले, ती पंतप्रधान झाली तर पहिल्यांदा ट्रॅकच करणार. मराठी घरातली मुलगी, इंग्रजीत, तीस सेकंदांत, सगळ्या जगासमोर. व्हेनेझुएला, कोलंबियाच्या मुली बिनदिक्कत दुभाषी घेतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे तेव्हा आणि आजही इंग्रजी अडखळली की मुलगीच अडखळली, असं धरतात.

त्या एका उत्तराचा परिणाम मोठा झाला. पुढच्या मुलींकडून प्रश्नोत्तराची फेरी घोकून घेतली जाऊ लागली. बोलणं शिकवणारे, चालणं शिकवणारे, त्वचेचे डॉक्टर, दातांचे डॉक्टर, सगळे एका छताखाली आले. १९९४ला सुष्मिता सेन मनिलाहून मिस युनिव्हर्स होऊन आली आणि ऐश्वर्या राय सन सिटीहून मिस वर्ल्ड. दोघी गुणी, वादच नाही. पण त्या वाटेवरचा पहिला ठेचकाळलेला अंगठा आमच्या नागपूरच्या मुलीचा आहे. भित्तिपत्रकात ती 'दुसरी उपविजेती' एवढ्याच ओळीत जाऊ नये, ही माझी विनंती आहे.

माटुंगापूर्व

धावपट्टी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. १९९२ मध्ये मीही हसणाऱ्यांत होतो. आज माझी नात कांदिवलीत जिम्नॅस्टिक्स शिकते, तिला आठवड्यातून तीन दिवस साधनं मिळतात कारण उरलेले दिवस हॉल लग्नांना देतात. तुमचं म्हणणं पूर्ण पटलं.

ऐश्वर्या रुपारेलची, म्हणजे पुन्हा माटुंगाच. नोंदीसाठी सांगतो.

निळीशाई

धागा वाचते आहे. माहिती चांगली जमते आहे, पण एक बाजू कुणीच मांडत नाही म्हणून लिहिते. राग मानू नये.

१९९६ मध्ये मी बंगळूरात नोकरीला होते. २३ नोव्हेंबरला चिन्नास्वामी मैदानात मिस वर्ल्ड भरली, आयोजक मुंबईची अमिताभ बच्चन कॉर्पोरेशन. त्याआधीचे काही आठवडे शहर पोलिसांच्या ताब्यात दिल्यासारखं होतं. पोहण्याच्या पोशाखाची फेरी इथे घेणं जमणार नाही म्हणून ती सेशेल्सला नेली. ग्रीसची इरिनी स्क्लिवा जिंकली. मदुराईत एका तरुणाने विरोध म्हणून स्वतःला पेटवून घेतलं आणि तो गेला.

विरोध करणारे सगळे एका माळेचे मणी नव्हते, हे नीट लिहिलं पाहिजे. एकीकडे संस्कृती बुडाली म्हणणारे, ज्यांना बाईच्या अंगावरच्या कपड्यांशी मतलब. दुसरीकडे नंजुंडस्वामींची शेतकरी संघटना, ज्यांचं भांडण परदेशी कंपन्यांशी. आणि तिसरीकडे आम्ही स्त्रीवादी गटांतल्या बायका. आमचं म्हणणं साधं होतं. १९९१ नंतर बाजार उघडला, सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांना गिऱ्हाईक हवं होतं, आणि मुकुट ही त्यांची सर्वांत मोठी जाहिरात होती. १९९४ ते २००० या सात वर्षांत भारताला दोन मिस युनिव्हर्स आणि चार मिस वर्ल्ड मिळाल्या. २००० साली तर लारा दत्ता, प्रियांका चोप्रा आणि मिस एशिया पॅसिफिक दिया मिर्झा, तिन्ही किताब एका वर्षात. त्याआधी आपल्या मुली काय कुरूप होत्या? आणि गल्लोगल्ली ब्युटी पार्लर उघडली ती याच काळात.

मधू सप्रेवरचा प्रतिसाद मला आवडला, कारण तो एका मुलीबद्दल आहे. पण उंची, वय, अविवाहित, मूल नको, या अटी म्हणजे बाईची मापं आहेत. रीटा फारिया थोर होती ती मुकुट बाजूला ठेवल्यामुळे. भित्तिपत्रकात विरोधाला जागा देणार असाल तर माझ्याकडे तेव्हाची काही पत्रकं आहेत, ती पाठवते.

सोनटक्का

निळीशाई, राग कसला! पत्रकं नक्की पाठवा, वेगळी चौकट करते. आणि तुम्ही जे तीन विरोधक सांगितलेत ते तसेच तिघं वेगळे दाखवते.

एकच सांगते. 'मुकुट बाजूला ठेवल्यामुळे थोर' हे मला पुरतं पटत नाही. रीटाने तो मिळवला, वर्षभर निभावला आणि मग स्वतःच्या मर्जीने उतरवला. तिघांतलं एक काढलं तर गोष्ट अपुरी राहते.

अटींबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. मी मिस युनिव्हर्सचे नियम पाहिले. विवाहित आणि आई असलेल्या बायकांना २०२३च्या स्पर्धेपासून प्रवेश मिळाला, आणि २०२४ पासून वयाची वरची मर्यादाही काढली. मिस वर्ल्डने पोहण्याच्या पोशाखाची फेरी बंद करायचं २०१४च्या अखेरीस ठरवलं. म्हणजे इंद्राणी रेहमान १९५२ मध्ये ज्या दारातून सहज आत गेल्या होत्या, ते दार मधे बंद झालं आणि सत्तर वर्षांनी पुन्हा उघडलं.

कासारघाट

मी पुण्याची. मी स्वतः स्पर्धेत उतरले आहे, जिंकले नाही.

२००७ची गोष्ट. मी एस.वाय.ला होते. आदल्याच वर्षी अमृता पत्की मनिलात मिस अर्थची उपविजेती होऊन आली होती, मिस एअर हा किताब घेऊन. मूळ सोलापूरची, शिकली पुण्यात, मराठी बोलणारी. आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकीला वाटलं की ही करू शकते तर आपण का नाही. नाशिकची सायली भगत २००४ मध्ये फेमिना मिस इंडिया वर्ल्ड झाली होती, तेव्हाही असंच झालं असणार नाशकात. मुकुट मुंबईतून लोकलने बाहेर पडला तो या मुलींमुळे.

मी ज्या स्पर्धेत गेले ती मोठी नव्हती. नाव घेत नाही. ऑडिशनला फॉर्मचे पाचशे रुपये. निवड झाल्यावर ग्रूमिंगचे पंधरा हजार, पोर्टफोलिओ त्यांच्याच फोटोग्राफरकडून काढायचा, गाऊन त्यांच्याच डिझायनरचा भाड्याने घ्यायचा. बाबांनी पतसंस्थेतून उचल घेतली. शेवटच्या दिवशी कळलं की 'मिस फोटोजेनिक', 'मिस ब्यूटिफुल स्माइल' असे वीस उपकिताब आहेत आणि तीस मुली आहेत. कुणीच रिकाम्या हाती जात नव्हतं, कारण प्रत्येकीने पैसे भरले होते. मला 'मिस कॉन्फिडंट' मिळालं. घरी येताना रिक्षात मी तो पट्टा पर्समध्ये कोंबला आणि रडले. बाबा काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, चाललीस छान.

हे लिहिण्याचं कारण तक्रार नाही. अशा स्पर्धांत आजही मुली जातात आणि त्यांच्या घरच्यांना प्रश्न कोणते विचारायचे ते माहीत नसतं. फी आहे का, किती, कशाची, परत मिळते का, विजेतीला पुढच्या कोणत्या स्पर्धेत लेखी स्वरूपात प्रवेश आहे, करार किती वर्षांचा, हे आधी विचारावं आणि कागदावर घ्यावं. ताई, एक छोटी चौकट याची पण करा ना.

मराठीतली स्पर्धा म्हणाल तर महाराष्ट्र टाइम्सची 'श्रावणक्वीन' विसरू नका. मुंबई, पुणे, नाशिक अशा शहरांत फेऱ्या होतात. माझी मामेबहीण तिथे गेली होती. तिने स्वतःची ओळख मराठीतून करून दिली, टॅलेंट राऊंडला भारूड केलं. ती जिंकली नाही, पण त्या मंचावर इंग्रजी न येण्याची भीती तिच्या चेहऱ्यावर नव्हती. मी स्वतः जे भोगलं त्यानंतर ते बघून फार बरं वाटलं.

आणि पूजा चोप्रा. पुण्यात वाढलेली, २००९ची फेमिना मिस इंडिया वर्ल्ड. तिने स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे की मुलगी झाली म्हणून वडिलांना ती नको होती आणि आई दोन्ही मुलींना घेऊन घराबाहेर पडली. आईने नोकरी करून वाढवलं. त्या वर्षीच्या मिस वर्ल्डमध्ये सामाजिक कामासाठी असलेला 'ब्यूटी विथ अ पर्पज' किताब तिने आणला, असा आणणारी ती पहिली भारतीय. तिची आई त्या रात्री काय वाटून बसली असेल, याचा मी कितीदा तरी विचार केला आहे.

निळीशाई

कासारघाट, तुमच्या बाबांच्या वाक्याशी थांबले. फीची चौकट व्हायलाच हवी. पत्रकांपेक्षा तीच मुलींच्या जास्त कामी येईल.

पानसुपारी

राहिलेली दोन-तीन नावं : १९७० साली झीनत अमान मिस एशिया पॅसिफिक, तोही किताब भारतात पहिल्यांदा तिनेच आणला. १९७३ला तोच किताब तारा अॅन फोन्सेका. १९९९ची मिस वर्ल्ड युक्ता मुखी, मुलुंडच्या वझे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकलेली.

आणि पनवेलच्या डॉ. अदिती गोवित्रीकर. २००१च्या मिसेस वर्ल्ड, हा किताब मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. एम.बी.बी.एस. कुठून? ग्रँट मेडिकल कॉलेज! माटुंगापूर्व, तुमच्या रीटा फारियांचंच कॉलेज. दोन जगज्जेत्या सुंदरी, मधे ३५ वर्षं, दोघी डॉक्टर, एकच शवविच्छेदनाची खोली.

धावपट्टी

ही माहिती मला नव्हती. अंगावर काटा आला.

अदिती विवाहित म्हणून 'मिसेस'च्या दारातून गेल्या, हे पण लिहा. १९४७ मध्ये प्रमिलाला वेगळं दार लागलं नव्हतं.

माटुंगापूर्व

मी काल बसून एक गोष्ट तपासली. फेमिनाने २०१७ पासून राज्यवार निवड सुरू केली, प्रत्येक राज्याची एक मुलगी, तिच्या अंगावर राज्याच्या नावाचा पट्टा. तेव्हापासूनच्या मुख्य विजेत्या पाहिल्या. २०१७ हरयाणा, म्हणजे मानुषी छिल्लर, जी पुढे मिस वर्ल्ड झाली. २०१८ तमिळनाडू. २०१९ राजस्थान. २०२० तेलंगणा. २०२२ कर्नाटक. २०२३ पुन्हा राजस्थान, आणि ती अंतिम फेरी इंफाळला झाली. २०२४ मध्य प्रदेश.

सात विजेत्या, महाराष्ट्र एकदाही नाही. २०२२ची सिनी शेट्टी जन्माने मुंबईची, पण पट्टा कर्नाटकाचा. मार्च २०२४ मध्ये २८ वर्षांनी मिस वर्ल्ड भारतात आली तीही मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात, आणि भारताकडून तीच उभी होती.

मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. पूर्वी स्पर्धा, मासिकं, फोटोग्राफर, सिनेमा सगळं मुंबईत, म्हणून मुकुटही मुंबईत. बाकीच्या राज्यांतल्या मुलींना इथे येऊन खोली भाड्याने घेऊन राहावं लागायचं. आता कोटा, उज्जैनची मुलगी आपल्या गावाच्या नावाने उभी राहते. आपल्या यादीतली जुनी नावं किती मोठ्या सोयीच्या शहरात घडली, ते यावरून कळतं.

कासारघाट

काका, सोय होती हे खरं, पण ती पट्ट्याच्या आतल्या मुंबईची. लातूर, चंद्रपूर, रत्नागिरीची मुलगी अजूनही यादीत नाहीच ना. राज्याचा पट्टा आला तरी ऑडिशन शहरातच असते. पाच फूट तीन इंचांच्या मुलीला तर फॉर्मही भरता येत नव्हता कितीतरी वर्षं.

सोनटक्का

खरं आहे. त्या जिल्ह्यांतलं कुणी धागा वाचत असेल तर लिहा. तालुक्याच्या, कॉलेजच्या स्पर्धा चालतील, साल आणि गाव पुरे, मुलीचं नाव नको.

काल रात्री मांडणी कागदावर काढली. डावीकडे प्रमिला आणि इंद्राणी, शेजारी २०२३चा नियम. मधे आजी-नात शिरोडकर. रीटा फारिया आणि अदिती गोवित्रीकर एका फळ्यावर, वर कॉलेजचं नाव. निळीशाईंची पत्रकं उजवीकडे, खाली कासारघाटने सांगितलेले प्रश्न मोठ्या अक्षरांत, मुलींना उभ्या उभ्या वाचता येतील असे.

मधू सप्रेंसाठी पूर्ण एक फळा ठेवला आहे. धावपट्टी, त्यावरचा मजकूर तुम्हीच लिहून द्याल का? दीडशे शब्द. चादर धरून कपडे बदललेत ते त्यात हवं.

धावपट्टी

देते. रविवारपर्यंत पाठवते. त्या चौघींपैकी एक आता नागपुरातच शाळेत क्रीडाशिक्षिका आहे, तिलाही विचारते, तिच्याकडे त्या मैदानाचा फोटो असेल.